एचएफ कालवडीला खुराक कितव्या दिवसापासून? घरात दोन मतं

नवा_गोठा_संगमनेर: नमस्कार मंडळी. बारा दिवसांची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, दुधाळ संकरित-विलायती जात) कालवड आहे. चीक जन्मल्यावर तासाभरातच पाजला. सध्या दोन्ही वेळ दोन-दोन लिटर दूध, बाटलीने. वडील म्हणतात दोन महिने दुधावरच ठेव, फार तर कुट्टी (बारीक कापलेला चारा) टाक, दाणा दिलास तर हगवण लागेल. डेअरीवरचे सुपरवायझर म्हणतात आत्तापासून काफ स्टार्टर (लहान वासरांचा दाण्याचा खुराक) ठेवा. ऐकायचं कुणाचं? आणि दूध पिते तर पाणी वेगळं लागतं का?

मालनताई_फलटण: स्टार्टर आजच ठेव. वासराला पोटं चार असली तरी या वयात काम करतं ते चौथंच. पहिलं, म्हणजे कोटीपोट, नुसतं नावाला असतं, आतून गुळगुळीत. वासरू दूध चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाची खाच मिटून नळी होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्यात उतरतं. मग नुसत्या दुधावर ते कोटीपोट वाढणार कसं?

दाणा तिथं पडतो, जिवाणू तो आंबवतात, त्यातून ब्युटिरिक आणि प्रोपिओनिक आम्ल तयार होतं. आतल्या अस्तराला टॉवेलसारखे फुटवे येतात ते या आम्लांमुळे, आणि पुढे जन्मभर चाऱ्यातली ताकद अंगात शोषली जाते ती त्या फुटव्यांतूनच. नुसत्या चाऱ्याने पोट ताणतं, फुटवे फारसे येत नाहीत. कुट्टीवर वाढवलेली वासरं बघ, पोट सुटलेलं आणि पाठीचा कणा वर आलेला. लोक म्हणतात, काय भरलंय!

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे सहा आठवड्यांच्या वासरांच्या कोटीपोटाचे फोटो नेटवर सापडतील: नुसतं दूध, दूध आणि सुकं गवत, दूध आणि दाणा. वडिलांना दाखव. माझ्या सासऱ्यांना मी तोंडाने सांगून पटलं नव्हतं.

सवय अशी लाव: बाटली संपली तरी तिचं तोंड चोखतच असतं, तेव्हाच चिमूटभर स्टार्टर जिभेवर ठेव. थुंकेल, दुसऱ्या दिवशी परत ठेव. घमेल्यात मूठभरच टाक. सकाळी उरलेलं काढून मोठ्या गाईला घाल, लाळेने भिजलेल्या दाण्याला कालवड तोंड लावत नाही.

पाणी हवंच. बादलीतलं पाणी बहुतेक कोटीपोटातच जातं, आणि ओलाव्याशिवाय जिवाणू काम करत नाहीत. फक्त दुधावर लगेच देऊ नकोस, थोडं थांबून ठेव.

हगवणीचं म्हणशील तर आधी बाटलीचं बूच हुंगून बघ. आंबूस वास आला तर दाण्याला कशाला बोल लावायचा?

नवा_गोठा_संगमनेर: ताई, फोटो दाखवतो. स्टार्टरची गोणी महाग पडते. घरात सरकी पेंड आणि गाईंची गोळी पेंड आहे, त्यात मका भरडा मिसळून दिलं तर?

मालनताई_फलटण: मका भरडा चालेल. सरकी नको. तिच्यातलं गॉसिपॉल हे विष मोठ्या गाईच्या कोटीपोटात बरंच निष्प्रभ होतं, हिचं कोटीपोट अजून तयार कुठं आहे? मोठ्यांच्या गोळीत युरिया असू शकतो, तोही हिला घातक. घरी करायचं तर मका भरडा, सोयाबीन पेंड, थोडा गव्हाचा कोंडा आणि वासरांचं मिनरल मिक्श्चर. प्रथिनं १८ ते २० टक्के बसली पाहिजेत, प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडून काढून घे. पण एका वासरापुरता दाणा आणून, भरडून, मिसळून गोणीपेक्षा स्वस्त पडेल असं मला वाटत नाही.

पशुसेवक_अकोले: ताईंशी सहमत. कुट्टीची घाई नको, पहिला महिना-दीड महिना पोटातली जागा दाण्याला राहू द्या. दूध तोडताना वय धरून बसू नका. सलग तीन दिवस रोज किलोभर स्टार्टर खायला लागली की आधी एका वेळचं दूध बंद करा, आठवड्याने दुसऱ्या वेळचं. त्याच आठवड्यात जागा बदलणं, शिंगं जाळणं काढू नका. आणि जंताचं औषध अजून पाजलं नसेल तर डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा.