'लेट डाउन'ला मराठीत शब्द नाही म्हणे!

शब्दवेल्हाळ
परवा इथेच एकांनी लिहिलं होतं की मराठी माणसाकडे अपेक्षाभंगासाठी शब्दच नाहीत, सगळ्याला आपलं एकच 'निराशा', आणि इंग्रजीत बघा डिसअपॉइंट, लेट डाउन, फेल, फॉल शॉर्ट, डिसइल्यूजन, डिसमे, किती छटा. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून वेगळा धागा काढतेय.

हिरमोड आणि भ्रमनिरास एकच आहे का? हिरमोड उत्साहाने निघालेल्या माणसाचा होतो, भ्रमनिरासात मुळात समजूतच चुकीची असते आणि ती आपली आपणच करून घेतलेली असते. विरस म्हणजे जमलेला रंग उतरणं. मुखभंग म्हणजे मोठ्या आशेने काही मागायला गेलो आणि वर अपमान होऊन परतलो. आणि दुसऱ्याने दगा दिला तर? तोंडघशी पाडलं, वाऱ्यावर सोडलं, ऐनवेळी हात वर केले, शब्द फिरवला. यातल्या प्रत्येकात समोरच्याने नेमकं काय केलं ते कळतं. 'ही लेट मी डाउन' ऐकून कळतं का? तुमचा एक शब्द आमच्याकडे चार ठिकाणी फुटतो आणि म्हणे आमच्याकडे छटा नाहीत!

ठाम_मत
ते लिहिणारा मीच. शब्दकोश माझ्याकडेही आहे. मुखभंग हा शब्द तुम्ही शेवटचा तोंडाने कधी उच्चारलात ते प्रामाणिकपणे सांगा.

माझा मुद्दा वापराचा होता. तोंडघशी पाडायला चार माणसं बघणारी लागतात. वाऱ्यावर सोडायला आधी कोणीतरी पूर्ण अवलंबून असावं लागतं. पण एक मित्र येतो म्हणाला आणि आला नाही, कोणी बघितलं नाही, काही बुडालं नाही, फक्त आत काहीतरी खाली बसलं, त्याला काय म्हणायचं? 'आय फील लेट डाउन' यात 'तू' हा शब्दच नाही. समोरच्यावर आरोप न करता त्याच्या तोंडावर सांगता येतं. मराठीत एक तर 'मला वाईट वाटलं', जे कशालाही वाटतं, नाहीतर एकदम 'तू दगा दिलास'. मधलं काही नाही. मी हे अनुभवाने बोलतोय. दहा वर्षांची मैत्री मी मराठीत भांडून घालवली कारण मला मधलं वाक्य सापडलं नाही.

मास्तरीणबाई
वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, त्यामुळे न राहवून लिहिते. छटांच्या गप्पा नंतर मारा, आधी लोकांना 'डिसअपॉइंटेड' आणि 'डिसअपॉइंटिंग' यातला फरक कळू दे. दर वर्षी निम्मा वर्ग लिहितो 'आय ॲम व्हेरी डिसअपॉइंटिंग', म्हणजे मी फारच निराशाजनक प्राणी आहे. आणि त्यापुढचा शब्द तर कोणी बघतच नाही. 'डिसअपॉइंटेड विथ द रिझल्ट' म्हणजे निकाल मनासारखा नाही. 'बाय' किंवा 'ॲट' लावलंत तर घडलेल्या गोष्टीबद्दल. पण 'डिसअपॉइंटेड इन यू' म्हणजे माणूस म्हणून तू माझ्या नजरेतून उतरलास. एका 'इन'ने घाव किती खोल जातो बघा.

'फेल'चंही तसंच. 'द टीचर फेल्ड मी' म्हणजे बाईंनी नापास केलं की बाई माझ्यासाठी कमी पडल्या? दोन्ही होतं. लॅटिनमधल्या ज्या क्रियापदावरून हा शब्द आला त्याचा अर्थ फसवणं, 'फॉल्स' त्याच घरातला.

निळी_शाई
मास्तरीणबाई, तुमचा 'इन' वाचून थांबले.

माझ्या बाबांनी आयुष्यात माझ्याशी कधी इंग्रजीत बोललेलं आठवत नाही. बारावीनंतर मी त्यांनी ठरवलेली शाखा सोडली तेव्हा जेवणाच्या टेबलावर ते फक्त एक वाक्य बोलले, 'आय ॲम डिसअपॉइंटेड इन यू'. आवाज चढवला नाही, काही नाही. उठून गेले. ओरडले असते तर मी उलटून बोलले असते, रडले असते, दुसऱ्या दिवशी मिटलं असतं. त्या वाक्याला मला उत्तरच देता आलं नाही. आज सतरा वर्षं झाली.

त्यामुळे ठाम_मत, ज्यात 'तू' नाही ते वाक्य सौम्य असतं, यात पूर्ण 'तू'च होता, आणि तरी ते इंग्रजीतच आलं. मराठीत बोलायची त्यांची हिंमत झाली नाही असं मला वाटतं.

उभा_आडवा
माफ करा पण वडिलांवर हा अन्याय आहे. माणूस चिडला, तरी हात उचलला नाही, शिवी दिली नाही, एक सभ्य वाक्य बोलला, तर तेही चूक? आमच्या घरी पट्टा निघायचा. मला कोणी 'डिसअपॉइंटेड' म्हणालं असतं तर मी आनंदाने ऐकलं असतं. आजकाल प्रत्येकाला आईबापाच्या प्रत्येक वाक्याची जखम झालेली असते.

निळी_शाई
तुम्हाला पट्टा बसला म्हणून मला लागलं नाही असं होतं का? तुमच्याबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण माझ्या घरातलं मोजमाप तुमच्या पट्ट्याने करू नका.

शब्दवेल्हाळ
धागा शब्दांवर आहे, कृपया वैयक्तिक होऊ नका. (उभा_आडवा, 'आजकाल प्रत्येकाला' हे वाक्य मागे घ्या, खरंच.)

पानगळ
वैयक्तिक झाल्याशिवाय हा विषय होणारच नाही. मी आता बापाच्या बाजूने बोलतो कारण मी बाप आहे. माझ्या मुलाने एका स्पर्धेतून ऐनवेळी माघार घेतली आणि माझ्याही तोंडातून अगदी तेच इंग्रजी वाक्य गेलं. का गेलं ते सांगतो. मराठीत 'मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' म्हटलं असतं तर माझाच आवाज फुटला असता. इंग्रजी म्हणजे हातमोजा घालून केलेला स्पर्श, त्यात आपली बोटं वाचतात. त्याला ते थंड लागलं असेल हे मला आज निळी_शाईंचं वाचून कळलं, तेव्हा कळलं नव्हतं.

ठाम_मत
म्हणजे माझाच मुद्दा झाला ना, मराठीत जमलं नसतं.

पानगळ
नाही. मराठीत शब्द होते, सगळे होते, मला ते झेपत नव्हते. शब्द नसणं वेगळं आणि तो उचलायला हात न धजणं वेगळं.

मास्तरीणबाई
एक गोष्ट सांगायची राहिली. 'डिसअपॉइंट'मध्ये 'अपॉइंट' आहे तो उगाच नाही. फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता नेमलेल्या पदावरून काढून टाकणं. म्हणजे मुळात 'डिसअपॉइंटेड' कोण, तर ज्याची जागा गेली तो. आज वाक्य मोठा माणूस बोलतो आणि डिसअपॉइंटेडही तोच असतो.

निळी_शाई
बाई, मला अगदी तसंच वाटलं होतं. कसल्यातरी जागेवरून काढल्यासारखं. ती जागा मला कधी दिली होती तेही माहीत नव्हतं.

उभा_आडवा
निळी_शाई, माझं ते 'आजकाल'चं वाक्य मागे घेतो. बाकी मत तेच आहे, पट्ट्यापेक्षा वाक्य बरं. पण सतरा वर्षं म्हणजे फार झाली, हे कबूल.

शब्दवेल्हाळ
ठाम_मत, तुमच्या मित्रावर आणि त्या 'मधल्या' वाक्यावर विचार करत होते. मुखभंग मी शेवटचा कधी बोलले ते आठवत नाही, ते तुमचं खरं. पण आई काय म्हणायची ते आठवलं. मावशी यायची ठरून आली नाही की आई तिला फोनवर एवढंच म्हणायची, 'अगं, मी तुझ्यावर विसंबून होते.' संपलं. 'तू' आहे पण तू काय केलंस ते नाही. 'होते' एवढ्यावर सोडून द्यायचं, उरलेलं मावशीला कळायचं आणि ती लगेच रडवेली व्हायची. 'तुझ्या भरवशावर होतो', 'तुझ्यावर भिस्त होती', सगळी त्याच जातीची. राग दिसत नाही, आरोप नाही, आणि 'वाईट वाटलं'सारखं गुळमुळीतही नाही. आपल्याकडे लेट डाउन हा भूतकाळात बोलतात.

ठाम_मत
हे वाक्य आहे, शब्द नाही. माझी मागणी शब्दाची होती.

शब्दवेल्हाळ
'लेट डाउन' हे तरी दोन शब्दच आहेत.

ठाम_मत
बरं. चालेल. 'विसंबून होतो' मला तेव्हा सुचलं नाही एवढं मान्य करतो. सुचलं असतं तर बोललो असतो की नाही, माहीत नाही. पानगळांचं ते 'झेपत नव्हते' मला जास्त लागलंय, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पानगळ
मी आज मुलाशी बोललो. मराठीत. आवाज फुटलाच. तो म्हणाला, बाबा, मला तेव्हा भीती वाटली होती म्हणून मी माघार घेतली, तुम्ही विचारलंच नाही. आता यालाही एक शब्द सांगा, मला तर सुचत नाहीये.

निळी_शाई
मला पण नाही. पण तुम्ही विचारलंत ना.