‘व्हेरी’ खोडायचं की ‘ह्यूज’?

देवगडचा आळशी: होमस्टेवाल्यांना आणि आंबेवाल्यांना काल कुणीतरी फर्मान काढलं: इंग्रजी जाहिरातीत व्हेरी, सो, क्वाइट दिसलं की खोडा. अर्धवट सल्ला! दोष व्हेरीचा नाही, जोडीचा आहे. बिग, लार्ज, स्मॉल यांत कमी-जास्त होऊ शकतं, तिथे व्हेरी बसतं. ह्यूज, एनॉर्मस, टायनी आधीच टोकाला गेलेले. त्यांच्यापुढे ॲब्सोल्यूटली लावा. उलट ‘ॲब्सोल्यूटली बिग’ खटकतं. तुलनेत तर व्हेरी हद्दपारच. व्हेरी बिगर नाही, मच बिगर किंवा फार बिगर. (त्या ‘फार’चं आपल्या ‘फार’शी नातं नाही, पण लक्षात राहायला सोयीचं.)

खाडीपलीकडचा: एवढं व्याकरण कशाला? सिंधुदुर्ग किल्ल्याला ‘व्हेरी व्हेरी बिग फोर्ट’ म्हणण्यापेक्षा ४८ एकर आणि सुमारे ३ किलोमीटरचा तट लिहा. खोली १२ बाय १४ फूट. विषय संपला.

देवगडचा आळशी: आणि १२ बाय १४ मोठी की लहान, हे चाळीतल्या माणसाला आणि टेक्सासवाल्याला सारखंच वाटणार? ‘बिग इनफ फॉर फोर’ लिहा, चौघं मावतात हे कळतं. इनफ बिगच्या नंतर येतं, आधी नाही.

छडी लागे छमछम: क्वाइट मात्र खोडाच. इंग्लंडात ‘क्वाइट बिग’ म्हणजे बऱ्यापैकी, अमेरिकेत चांगलंच मोठं. आणि सर्वांत वाईट खोड ‘टू’ची. आपण ‘खूप’साठी सर्रास टू ठोकतो. ‘अवर मँगोज आर टू बिग’ म्हणजे नको तेवढे मोठे!

पेटीवाला: मग खरंच लिहितात की! हापूसचं फळ जेवढं मोठं तेवढी साक्याची भीती जास्त. बाहेरून देखणं, आत गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. मोठ्या फळाचे जादा पैसे घेताना हे कोण सांगतं?

देवगडचा आळशी: साका आकारामुळे नाही, झाडावर जास्त तयार होऊ दिल्यामुळे.

पेटीवाला: दोन्हींमुळे. शिवाय तापलेल्या कातळाची धग. म्हणून झाडाखाली गवताचं आच्छादन घाला, फळ चौदा आणे तयार झालं की ऊन चढायच्या आत देठासकट उतरवा आणि लगेच सावलीत न्या. सोळा आण्यांची, म्हणजे पूर्ण तयार व्हायची, वाट बघितलीत की साक्याला आमंत्रण. आता या चौदा आण्यांचं इंग्रजी करून दाखवा, पंडितहो.

छडी लागे छमछम: ‘ऑलमोस्ट फुल्ली मॅच्युअर’. ‘फेअरली’ लिहिलंत तर गिऱ्हाईक दहा आणे समजेल.

खाडीपलीकडचा: गजाली पुरे. धागा आकाराचा होता, बागायतीचा नव्हे.

पेटीवाला: साहेब, पेटी आकारावरच विकली जाते. चार डझनीतलं फळ मोठं, सहा डझनीतलं बारीक, पेटी तीच. एकही व्हेरी लागत नाही.

खाडीपलीकडचा: म्हणजे आकडाच जिंकला. आभारी आहे.

देवगडचा आळशी: जिंकला, पण ज्याला पेटी ठाऊक त्याच्यापुरता. लंडनवाला ‘चार डझन’ वाचून फक्त नग मोजणार, फळ मोठं हे त्याला कुठून कळणार? ‘व्हेरी लार्ज, प्रत्येकी २७५ ग्रॅमच्या वर’ लिहा. घ्या, ग्रॅम तुमचे, व्हेरी माझं.