शब्दचर्चा : ‘स्टॉकफेल’ला भिशी म्हणावं का?

प्रश्न : दक्षिण आफ्रिका, मलावी आणि झिम्बाब्वेमधल्या लहान व्यवसाय करणाऱ्या बायकांवरचा एक अहवाल मराठीत आणते आहे. वाचणार आहेत आपल्याकडच्या बचत गटांच्या कार्यकर्त्या. ‘स्टॉकफेल’, म्हणजे तिकडचा आपसात पैसे जमवणारा गट, त्यासाठी मी भिशी लिहिलं होतं. सहकाऱ्यांनी ते खोडून ‘आवर्ती बचत मंडळ’ केलं, भिशी हा शब्द अहवालात शोभत नाही म्हणून. ‘स्पाझा’ (घरातलं दुकान) आणि ‘मशोनिसा’ (सावकार) हेही अडलेत. शिवाय ‘वित्तीय समावेशन’, म्हणजे गरिबांना बँकव्यवस्थेत आणणं, पानोपानी येतं आणि दर वेळी वाक्य निर्जीव होतं. काय करावं?

प्रतिसाद : ताई, भिशीच ठेवा. ‘आवर्ती’ वाचलं की आपल्या बायकांना पोस्टातली आवर्ती ठेव आठवणार, आणि स्टॉकफेलचा जीव नेमका तिथे नाही. तो एकमेकींना ओळखणाऱ्या दहा-वीस जणींच्या शब्दावर चालतो. महिन्याला ठरलेली रक्कम भरायची आणि जमलेला गल्ला पाळीपाळीने एकीने उचलायचा.

‘स्टॉकफेल’ हा शब्द इंग्रजी ‘स्टॉक फेअर’वरून आला असं मानतात. एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागात इंग्रज वसाहतवाल्यांचे गुरांचे फिरते लिलाव भरत, त्यांना ते नाव होतं. मात्र पैसे एकत्र ‘ओतण्याची’ कल्पना तिथल्या भाषांतली स्वतःची आहे. खोसा भाषेत अशा गटाला उमगलेलो म्हणतात, बोट्स्वानात मोत्शेलो, आणि दोन्ही शब्दांच्या मुळाशी ओतणे हे क्रियापद आहे. १९८८ साली दक्षिण आफ्रिकेत स्टॉकफेलांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या अंदाजाने तिथे सुमारे ८ लाख स्टॉकफेल आणि १ कोटी १० लाखांच्या आसपास सभासद आहेत. एवढ्या लोकांच्या रोजच्या व्यवहाराला आपल्याकडे चालता-बोलता शब्द असताना कोशातून जोडशब्द का काढायचा?

फक्त एक काळजी घ्या. स्टॉकफेल हे एकाच प्रकाराचं नाव नाही. वर्षभर पैसे साठवून डिसेंबरात घाऊक किराणा भरणारे गट असतात, त्यांना ‘किराणा भिशी’ सहज चालेल. पण अंत्यविधीच्या खर्चासाठी असलेल्या गटांना भिशी म्हणू नका. खाणीत किंवा शहरात कामाला गेलेला माणूस दूर वारला, तर त्याला गावी नेऊन रीतसर माती देण्याचा खर्च एका घराला पेलत नाही, म्हणून हे गट वाढले. त्यात पाळी नसते. ज्याच्या घरी मृत्यू होईल त्याला रक्कम मिळते. आपल्या पतसंस्थांमध्ये ‘मयत निधी’ हा शब्द रुळलेला आहे, तो घ्या.

दुसरा प्रतिसाद : वरच्या मताशी सहमत, पण भिशी म्हणजे नेमकी कुठली हेही सांगावं लागेल. मुंबई-पुण्यात भिशी म्हणजे दर महिन्याला चिठ्ठी काढून एकीला सगळी रक्कम. कोल्हापूर-सांगलीकडे भिशी म्हणजे आठवड्याला पैसे भरायचे, त्यातूनच सभासदांना व्याजाने कर्ज द्यायचं आणि दिवाळीच्या तोंडावर भिशी फोडून मुद्दल व व्याज वाटून घ्यायचं. अहवालात मलावी आहे, तेव्हा हा दुसरा अर्थ तुम्हाला फार उपयोगी पडेल.

मलावीत ‘बँकी न्खोंडे’ चालते. चिचेवा भाषेत खोंडे म्हणजे घराची ओसरी, म्हणजे ही ओसरीवरची बँक. बायका भागांच्या हिशेबाने पैसे भरतात, त्याच पैशातून कर्जं घेतात, आणि साधारण वर्षाने सगळा निधी वाटून गट नव्याने सुरू करतात. ‘केअर’ या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने १९९१ मध्ये नायजर देशात सुरू केलेल्या ग्रामबचत गटांची पद्धतही हीच. तिथे लोखंडी पेटीला तीन कुलपं असतात आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे, म्हणजे एकीला परस्पर पेटी उघडता येत नाही. ही पद्धत आफ्रिकाभर पसरली.

याला थेट ‘बचत गट’ म्हटलं, तर आपल्या कार्यकर्त्या पहिलाच प्रश्न विचारतील : बँकेचं कर्ज किती मिळालं? आपला बचत गट १९९२ पासून नाबार्डच्या कार्यक्रमातून बँकेशी जोडला गेला. न्खोंडेचा पैसा बहुधा सभासदांचाच असतो. म्हणून ‘वर्षाला फुटणारी भिशी’ असं लिहा, कोल्हापूरकडच्या बायकांना एका वाक्यात कळेल. टोमॅटो किंवा जुने कपडे विकणारीला माल भरायला आज थोडे पैसे हवे असतात, आणि ते ओसरीवर मिळतात. एवढ्याशा कर्जासाठी बँकेत जायचा शहरापर्यंतचा बसखर्चही तिला परवडत नाही.

प्रश्न : आभारी आहे. हे फार नेमकं झालं. स्पाझा, मशोनिसा आणि समावेशन राहिलं. ‘स्मॉल बिझनेस’ला मी सगळीकडे लघुउद्योग लिहिलं आहे, ते ठीक ना?

प्रतिसाद : लघुउद्योग काढून टाका. त्या शब्दाने एमआयडीसीतला गाळा आणि लेथ मशीन डोळ्यांपुढे येते. अहवालातल्या बायका बहुतेक विकणाऱ्या आहेत. ‘छोटा व्यवसाय’ म्हणा, आणि बाई बोलत असेल तिथे सरळ ‘धंदा’.

स्पाझा म्हणजे टाउनशिपमधल्या राहत्या घरातलं किराणा दुकान. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या व्यापारावर कडक बंधनं होती, तेव्हा ही दुकानं लपूनछपून चालत. शब्दातही ‘लपवलेलं’ असाच अर्थ सांगतात. ‘टपरी’ लिहू नका, टपरी रस्त्यावर असते. ‘स्पाझा, म्हणजे घरातलं दुकान’ असं एकदा लिहून पुढे स्पाझाच वापरा. मात्र टाउनशिप हा शब्द उलगडल्याशिवाय सोडू नका. पुण्याच्या जाहिराती वाचणाऱ्याला टाउनशिप म्हणजे पोहण्याचा तलाव असलेलं संकुल वाटतं. सोवेटो किंवा खायेलित्शा या सरकारने कृष्णवर्णीयांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्या आहेत.

मशोनिसा म्हणजे सावकारच. पण आपल्याकडे परवानाधारक सावकारही असतो, म्हणून ‘खासगी सावकार’ लिहा. त्याची तारण घेण्याची रीत ध्यानात ठेवा : कर्जदाराचं बँक कार्ड आणि पिन तो स्वतःकडे ठेवून घेतो. तिथल्या २००५ च्या पतकायद्याने याला मनाई केली, तरी प्रथा टिकून राहिली.

आता समावेशन. हा शब्द रिझर्व्ह बँकेच्या मराठीत पक्का आहे, मथळ्यात राहू द्या. मजकुरात मात्र प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, इथे नक्की घडलं काय? ऑक्टोबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या चार मोठ्या बँकांनी आणि पोस्टबँकेने गरिबांसाठी ‘म्झान्सी’ खातं काढलं. चार वर्षांत ६० लाखांहून अधिक खाती उघडली गेली, पण त्यातली बरीच पुढे वापरात राहिली नाहीत. तिथे ‘खाती उघडली’ लिहा. ‘समावेशन झालं’ असं लिहिणं खोटं ठरेल.

याहून कठीण प्रसंग सरकारी अनुदानाचा आहे. २०१२ पासून दक्षिण आफ्रिकेतली सामाजिक अनुदानं बोटांच्या ठशांवर चालणाऱ्या कार्डांनी खात्यात जमा होऊ लागली. कागदोपत्री लाखो माणसं बँकव्यवस्थेत आली. पण त्याच खात्यांतून कर्जाचे हप्ते, मोबाइलचा रिचार्ज आणि विम्याची वर्गणी परस्पर वळती होऊ लागली, आणि म्हाताऱ्या बायका कमी आलेले पैसे हातात घेऊन दाद मागत फिरल्या. ‘ब्लॅक सॅश’ या तिथल्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने ‘आमच्या अनुदानाला हात लावू नका’ अशी मोहीम चालवली, ती यासाठीच. इथे ‘अनुदान खात्यात जमा झालं आणि खात्यातूनच कापलं गेलं’ असं लिहा. बचत गटाच्या कार्यकर्तीला हे वाक्य पुरे आहे, पुढचे प्रश्न ती स्वतः विचारेल.

दुसरा प्रतिसाद : एक भर घालतो. झिम्बाब्वेच्या प्रकरणात इकोकॅश येईल, २०११ साली एका मोबाइल कंपनीने सुरू केलेलं, फोनवरून पैसे देण्याघेण्याचं साधन. त्याला ‘यूपीआयसारखं’ म्हणू नका. यूपीआयमागे बहुधा बँक खातं असतं. इकोकॅशमध्ये पैसा फोन नंबरावर जमा असतो आणि कोपऱ्यावरचा एजंट रोख घेऊन तो भरतो किंवा काढून देतो. ‘मोबाइल मनी’ तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात त्या एजंटाबद्दल दोन वाक्यं लिहा. खातं नसलेली भाजीवालीही त्याच्यामुळे पैसे घेऊ शकते.