सोसायटी ग्रुप: पंधरा ऑगस्टची हजेरी

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार 🙏 शनिवारी १५ ऑगस्ट, सकाळी ठीक ८ वाजता क्लबहाउससमोर झेंडावंदन. प्रत्येक फ्लॅटमधून किमान एक जण आलाच पाहिजे. पांढरे कपडे. हजेरीची वही ठेवली आहे. गैरहजर फ्लॅटला २०० रु. पुढच्या मेंटेनन्स बिलात लागतील. ७ वाजल्यापासून स्पीकरवर देशभक्तिपर गीते. नंतर सेल्फी पॉइंट, उत्कृष्ट फोटोला बक्षीस.

ए-४०२: जय हिंद 🇮🇳

सी-५०२ काका: छान निर्णय. शिस्त हवीच.

ए-७०१: 👍

बी-३०३: दादा, मी येणार आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी माझं पाकिस्तानचं तिकीट काढेल.

राष्ट्रगीत सुरू झालं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. ते ५२ सेकंद मला मनापासून हवे असतात. त्याच्या आधीचा एक तास स्पीकर आणि नंतरचा अर्धा तास फोटो, हे मात्र नको होतं. गेल्या वर्षी गाण्यांचा आवाज इतका होता, की डी विंगच्या तान्ह्या बाळाला घेऊन त्याची आई पार्किंगमध्ये येऊन बसली होती.

आणखी एक. सिक्युरिटीचे मामा आदल्या रात्री दोरी ओवतात, झेंड्यात फुलं भरतात, गाठ सुटते का ते दोनदा ओढून बघतात. सकाळी आपण रांगेत, मामा गेटवर. राष्ट्रगीत चालू असताना ते तिथेच सावधानमध्ये उभे होते, आणि मागून एक गाडी हॉर्न मारत होती, गेट उघडा म्हणून. गाडी आपल्याच सोसायटीतली. आरशाला तिरंगा लटकवलेला. नाव सांगत नाही.

म्हणून हजेरीची वही बघितली की मला कसंतरी होतं. १३ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं. सोमवार होता, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी. आपलं पार्किंग त्या दिवशी किती रिकामं होतं, आठवा. पुण्यात मतदान झालं ५४ टक्क्यांच्या आसपास. त्याची वही कोणी ठेवली नाही. फ्लॅट घेताना काही रक्कम रोखीत देणाऱ्यांचीही नाही.

सी-५०२ काका: झालं सुरू. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची. तिकडे सीमेवर जवान बर्फात उभे आहेत आणि इथे लोकांना वर्षातून दोनदा अर्धा तास उभं राहायला जड जातं.

ए-४०२: 💯

बी-३०३: काका, उभं राहायला जड जात नाही हो. उभी राहतेच आहे.

डी-२०१ (सुभेदारसाहेब): काका, जवानाला मध्ये आणू नका. तो उभा आहे कारण ती त्याची ड्यूटी आहे, तुमचा वाद जिंकून देण्यासाठी नाही. युनिटमध्ये आमचंही झेंडावंदन व्हायचं, नंतर बडा खाना. हजेरीही असायची. पण तिथे पगार मिळायचा 😄

सी-१०५: मी हॉस्पिटलमध्ये नाइट करून साडेआठला घरी पोचते. मिस्टर टूरवर. माझे २०० आत्ताच लिहून ठेवा.

ए-६०१ (वकील): दंड असा नोटिशीवर लावता येत नाही. उपविधीत तरतूद हवी, सर्वसाधारण सभेत ठराव हवा. तो खटाटोप करूही नका. झेंड्याचा आणि राष्ट्रगीताचा आदर करणं हे राज्यघटनेच्या ५१क कलमातलं मूलभूत कर्तव्य आहे, पण त्याला दंड जोडलेला नाही. १९७१ चा कायदा आहे तो अवमान करणाऱ्यांसाठी. घरी झोपून राहणं म्हणजे अवमान नव्हे. केरळमध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे म्हणायची नाहीत. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपण शाळाही नाही, सोसायटी आहोत.

आणि निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. आपला स्पीकर ती मर्यादा पहिल्या कडव्यातच ओलांडतो.

सी-५०२ काका: मग गणपतीत का नाही बोलत कोणी?

ए-६०१ (वकील): गणपतीतही बोललो होतो. तुम्ही ग्रुप सोडला होता.

सेक्रेटरी: आता माझंही ऐका. मला हौस नाही वह्या ठेवायची. २६ जानेवारीला १२० फ्लॅटमधून ११ माणसं आली. त्यातले चार समितीचे. जिलेबी १० किलो आणली होती, ती शेवटी समोरच्या साइटवरच्या मजुरांना दिली. लहान मुलांनी आठवडाभर कवायत बसवली होती, ती कोणासमोर करायची? दुपारी याच ग्रुपवर दीडशे मेसेज, झेंड्याचे, सैनिकांचे, फिरणाऱ्या अशोकचक्राचे. खाली यायला ११. म्हणून वही.

(बराच वेळ कोणी काही लिहीत नाही.)

बी-३०३: ११ हा आकडा वाईट आहे, दादा. मुलांचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण ११ चे १२० दंडामुळे झाले, तर ते झेंड्यासाठी आलेले नसतील, बिलासाठी आलेले असतील. पोरांना तेही कळतं.

बी-७०४: मला एक विचारायचंय. मी पंचवीस वर्षांचा आहे, मला हे सगळं मनापासून वाटतच नाही. क्रिकेटला वाटतं. झेंडावंदनाला वाटत नाही. हे चुकीचं आहे का? सिरियसली विचारतोय.

ए-४०२: संस्कार 🙏

डी-२०१ (सुभेदारसाहेब): चुकीचं काय त्यात. मला क्रिकेटला काही वाटत नाही.

ए-१०२ आजोबा: मुलाने टाइप करून दिले आहे. आमचे गाव नांदेड जिल्ह्यातले. १५ ऑगस्ट १९४७ ला तिथे स्वातंत्र्य नव्हते, निजामाचे राज्य होते. तिरंगा लावणे हा तिथे गुन्हा होता. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्याच दिवशी हैदराबादेत झेंडा फडकवला आणि त्यांना अटक झाली. मी तेव्हा चार वर्षांचा, मला काही आठवत नाही. वडील सांगत. गावोगाव लोकांनी शिंदीची झाडे तोडली, निजामाचा अबकारीचा पैसा बुडावा म्हणून. करोडगिरी नाकी, म्हणजे निजामाची जकात नाकी, जाळली. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीने कितीतरी कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे निघून गेली. आमचे घर वर्षभर बंद होते. पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे भारतीय लष्कराची कारवाई, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला. तेव्हा आम्ही भारतात आलो, म्हणजे तेरा महिन्यांनी.

त्यामुळे १५ ऑगस्टला माझे मन थोडे अलिप्तच असते. पुण्यात नोकरीला आल्यावर हे कोणाला सांगितले तर लोक म्हणत, असे कसे, स्वातंत्र्य तर ४७ ला मिळाले. मग सांगणे सोडले. बी-७०४ च्या मुलाने मनाला लावून घेऊ नये.

बी-७०४: आजोबा, हे शाळेत एका परिच्छेदात होतं. थँक्यू.

ए-१०२ आजोबा: एक राहिले. सेक्रेटरींनी झेंडा कोणता आणला? आमच्या नांदेडला खादीचा तिरंगा तयार होतो.

सेक्रेटरी: पॉलिस्टर आहे, आजोबा. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर चालतो. पावसात टिकतो, स्वस्तही पडतो.

ए-१०२ आजोबा: चालतो हे माहीत आहे.

बी-३०३: आणि मुलांना वाटायचे छोटे झेंडे कागदीच आणा, दादा, प्लास्टिकचे नियमाने चालत नाहीत. गेल्या वर्षी १६ तारखेला मी आणि मावशींनी गटारीच्या जाळीतून गोळा केले होते. ध्वजसंहितेप्रमाणे खराब झेंड्यांची विल्हेवाट एकांतात, सन्मानाने लावायची असते. मावशींनी ते गजऱ्याच्या पिशवीत घालून घरी नेले, कचऱ्याच्या गाडीत टाकवेनात म्हणाल्या.

सेक्रेटरी: सुधारित सूचना. दंड रद्द. वही रद्द. गाणी पावणेआठला, आवाज कमी. कपडे कोणतेही. सिक्युरिटीचे मामा रांगेत उभे राहतील, तेवढा वेळ गेट बंद, हॉर्न मारू नये. मामांच्या एजन्सीला मी कळवतो. कार्यक्रम संपल्यावर छोटे झेंडे गोळा करून ऑफिसात द्यावेत, बी-३०३ ताई आणि बी-७०४ बघतील. कवायत आधी, भाषण नंतर, भाषण पाच मिनिटं. सेल्फी पॉइंटची ऑर्डर दिलेली आहे, अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही, तो राहील.

बी-७०४: माझं नाव कधी आलं त्यात 😅 ओके.

बी-३०३: सेल्फी पॉइंटला माझा विरोध नोंदवून ठेवा. जिलेबी किती किलो?

सी-५०२ काका: मी मात्र पांढराच घालणार.

डी-२०१ (सुभेदारसाहेब): घाला की. छान दिसता.

सी-१०५: मी साडेआठला गेटवर पोचेन, युनिफॉर्ममध्येच. जिलेबी ठेवा.

ए-६०१ (वकील): या वर्षी झेंडा आजोबांच्या हस्ते करू या का?

ए-१०२ आजोबा: नको. गुडघे साथ देत नाहीत आणि सहानुभूतीही नको. बोलवायचे असेल तर १७ सप्टेंबरला बोलवा.

सेक्रेटरी: आजोबा, १७ सप्टेंबर यंदा गणपतीत येतोय. क्लबहाउससमोर मंडप असेल, झेंड्याला जागा नाही. शिवाय गुरुवार, ऑफिसचा दिवस. कोण येणार?

ए-१०२ आजोबा: दोघे आले तरी चालेल.

बी-३०३: मंडपाचा एक खांब जिमच्या बाजूला सरकवला तर जागा होते. आज संध्याकाळी टेप घेऊन येते, मोजू या.

सी-५०२ काका: मंडप सरकवायचा नाही. तो ईशान्येलाच लागतो.