हॉस्टेलच्या गेटवरच्या माणसाला कोण शिकवणार?

(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

फोंड्याची

माझी धाकटी बहीण गोव्यातल्याच एका कॉलेजच्या हॉस्टेलवर राहते. रूममेट नागालँडची. जुलैत एका रात्री दोघी साडेनऊला परत आल्या. बहिणीनं रजिस्टरात सही केली आणि आत गेली. रूममेटला वॉचमननं अडवून पासपोर्ट मागितला. तिनं कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं, मग आधार कार्ड दाखवलं. तो टॉर्च मारून एकदा कार्डाकडे आणि एकदा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. वरून पाऊस. त्या गेटातून ती दोन वर्षं ये-जा करते आहे.

वॉर्डनकडे तक्रार केली तर म्हणाले, "त्याच्या मनात वाईट नव्हतं." नसेलही. पण ती पोरगी आता संध्याकाळी सातनंतर बाहेरच पडत नाही.

माझी मागणी अशी: प्रवेश सुरू होण्याआधी वॉर्डन, केअरटेकर, वॉचमन, मेसची माणसं, सफाईच्या बायका, सगळ्यांना दोन दिवस बसवून शिकवा. देशात कोण कोण राहतं, काय खातं, कोणता शब्द कुणाला बोचतो. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत नीडो तानिया या अरुणाचलच्या मुलाची केसांवरून टिंगल झाली, मग मारहाण झाली, त्यात तो गेला. त्याच वर्षी ईशान्येकडच्या लोकांना होणाऱ्या त्रासावर बेझबरुआ समितीचा अहवाल आला. २०१६ मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) रॅगिंगच्या व्याख्येत वंश, वर्ण, भाषा, प्रांत यांवरून होणारा छळही घातला. एवढं सगळं होऊनही गेटवरच्या माणसापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नाही.

डिचोलीकर

मुलीला झालेला त्रास खराच, त्याबद्दल वाद नाही. पण दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला माझा विरोध आहे.

तो वॉचमन कॉलेजचा नोकर नाही, कंत्राटदाराचा आहे. बारा-बारा तासांची ड्युटी. कंत्राट बदललं की माणूस बदलला. जूनमध्ये शिकवलेला दिवाळीला दुसऱ्या गेटवर असतो. शिवाय ते दोन दिवस त्याचे भरणार की कापणार, हे आधी सांगा.

दुसरं, यूजीसीचा २००९ चा रॅगिंगविरोधी नियम वाचा. हॉस्टेलला पूर्णवेळ वॉर्डन हवा, तो तिथेच किंवा अगदी जवळ राहणारा हवा, शिस्तीबरोबर मुलांशी बोलण्याचं, समजावण्याचं कसबही त्याच्याकडे हवं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. प्रत्यक्षात प्राध्यापकाच्या गळ्यात जादा कामगिरी म्हणून वॉर्डनपद पडतं. तो संध्याकाळी घरी जातो. आधी नियमाप्रमाणे माणूस नेमा.

फोंड्याची

@डिचोलीकर, त्याच नियमात पुढे असंही आहे की कँटीनचे, पहाऱ्याचे, सफाईचे कंत्राटी कामगार, सगळ्यांकडून हमीपत्र घ्यायचं: रॅगिंग दिसलं की लगेच कळवीन. म्हणजे सही घ्यायला तो आपला आणि शिकवायची वेळ आली की कंत्राटदाराचा? हे मला पटत नाही. पगार भरून द्यावा, यात मात्र मी तुमच्याबरोबर आहे.

सांगलीहून मडगावात

नुसत्या वॉचमनला धरू नका. मी पाच वर्षांपूर्वी इकडे शिकायला आले. मराठी बोलणारी, म्हणजे गोवा परका वाटणार नाही अशी समजूत. पहिल्याच आठवड्यात मेसच्या रांगेत "घांटी" (घाटापलीकडून आलेल्यांना हिणवायचा इकडचा शब्द) ऐकलं, आणि तेही शिकलेल्या, चांगल्या माणसाच्या तोंडून, हसत हसत: "तुम्ही घांटी लोक तिखट फार खाता." त्यांना खरंच वाटत होतं की आपण लाडानं बोलतोय. मी ताट घेऊन खोलीत गेले.

आणि वासाचं. आमच्या मजल्यावर एका नागा मुलीनं आखुनी आणली होती, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. केअरटेकरनं डबा बाहेर फेकायला लावला. त्याच मजल्यावर दर सोमवारी घरून सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर यायची. सुक्या सुंगटांचा तो वास मला पहिले सहा महिने सहन होत नव्हता, आता मी स्वतः करते. किसमुरीला कोणी कधी बोललं नाही. कुठला वास "आपला" आणि कुठला "घाण", हे त्या मजल्यावर एकाच माणसानं ठरवलं. प्रशिक्षण हवं ते इथे.

गोंयकार साष्टीचो

माझं मत कडू लागेल, तरी लिहितो. "सगळ्यांना सामावून घ्या" याचा आमच्याकडे अर्थ होतो की सगळ्यांनी हिंदी बोला. मेसमधली बाई "शीत जाय?" (भात हवा?) विचारते तर पोरं तोंडाकडे बघतात, तिलाच सुनावतात की हिंदीत सांग. तिनं आपल्याच गावात आपली भाषा खाली ठेवायची? १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही कारभारात जागा मिळाली, आणि हॉस्टेलच्या जेवणघरात दोन्ही नाहीत.

पासपोर्ट मागणं चूक, "घांटी" म्हणणंही चूक. मला ते मान्य. पण शिकायचं ते फक्त नोकरांनी, हे मान्य नाही. येणाऱ्या मुलांनी पहिल्या महिन्यात वीस कोंकणी शब्द शिकावेत.

फोंड्याची

वीस शब्दांचं मला मनापासून पटलं. माझ्या मागणीत ते नव्हतं, आता आहे.

ओहायोतून

मी गोव्यातल्या फर्मागुडीची, इथे अमेरिकेत शिकताना दोन वर्षं रेसिडेंट असिस्टंट होते. म्हणजे मजल्यावरच राहणारी विद्यार्थिनी, मजल्याची जबाबदारी तिची, बदल्यात खोली-जेवण. सत्र सुरू व्हायच्या आधी ऑगस्टमध्ये आम्हाला शिकवलं. भाषणं मी विसरले. लक्षात राहिला एक सराव: जुने असिस्टंट एका खोलीत दार लावून बसायचे, कोणी भांडणाचं नाटक करायचं, कोणी घरच्या आठवणीनं रडण्याचं. आम्ही दार वाजवून आत जायचं आणि बोलायचं. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा दोन मिनिटं तोंडातून शब्द फुटला नाही. बाहेर आल्यावर पुन्हा पाठवलं. असं काही आपल्याकडे झालं तर उपयोग आहे.

डिचोलीकर

तिथे ती असिस्टंट शनिवार-रविवारीही मजल्यावर असते. आपल्याकडे शनिवारी दुपारी गोव्याची मुलं कदंबची बस पकडून घरी जातात. काणकोण असो की पेडणे, दोन-तीन तासांत घर. मागे उरतात ती लांबची. रविवारी रात्री कित्येक मेस बंद. चवथीला (गणेशचतुर्थीला) आचारीच गावी गेलेला. वर्षभर एका छपराखाली राहून सुट्टीचं ताट एकत्र कधी नाही. दार वाजवायला शिकवा, माझी हरकत नाही. पण आधी रविवारची मेस चालू करा.

केअरटेकर

मी अकरा वर्षं मुलींच्या हॉस्टेलवर काम करते. पुतणीनं हा धागा दाखवला.

प्रशिक्षण एकदा झालं होतं. इंग्रजीत, पडद्यावर. शेवटी सही घेतली. मला एवढंच समजलं की रॅगिंग दिसलं तर सांगायचं.

जून २०२३ मध्ये आमच्याकडे मणिपूरच्या दोन मुली होत्या. तिकडे दंगल पेटलेली, इंटरनेट बंद, घरी फोन लागेल तेव्हा लागायचा. दोघी जेवायला वेगवेगळ्या वेळी यायच्या. मला वाटलं, एका गावच्या पोरी, एकमेकींना आधार होईल. एका रात्री मी दोघींना हाताला धरून एकाच टेबलावर बसवलं, वर शीत-कडी वाढली. दोघी न जेवता उठून गेल्या. नंतर एका सरांनी सांगितलं, एक मैतेई, एक कुकी, आणि दंगल याच दोन समाजांत पेटलेली. मला हे दोन शब्दच माहीत नव्हते. माझ्या मनातही वाईट नव्हतं, पण त्यातली एक मुलगी पुढे माझ्याशी कधी बोलली नाही.

तिचं दार वाजवावं की नाही, हे मला त्या महिन्यात रोज वाटायचं. वाजवून काय बोलायचं ते माहीत नव्हतं म्हणून वाजवलं नाही. वरच्या ताईनं लिहिलंय तसा सराव असेल तर मी येईन.

डिचोलीकर

ताई, असं काही ठरलं तर तुम्हाला कोणती वेळ सोयीची?

केअरटेकर

सकाळी दहा ते बारा, न्याहारीची भांडी आटोपल्यावर. रविवारी नको. त्या दिवसाचा रोज भरून द्या, आणि कोंकणीतून सांगा, नाहीतर मराठीतून. रात्रपाळीच्या वॉचमनला त्या वेळी झोप येते, त्याचं वेगळं घ्या.