डिस्क दिसते, तरी डेबियन सुरू होईना. वर रूट लॉक म्हणतोय

फोटोवाला_संगमनेर:
मंडळी, माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. डेबियन १२ (लिनक्स), सिस्टीम एसएसडीवर आणि लग्नांचे फोटो २ टीबीच्या वेगळ्या डिस्कवर, ती /डेटा म्हणून लागते. रविवारी जुनी लग्नं पोर्टेबलवर हलवली, ती डिस्क ईएक्सटी४ मध्ये पुन्हा फॉरमॅट केली आणि मशीन बंद करून घरी गेलो. आज सकाळी 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिट सेकंद मोजत बसलं, मग इमर्जन्सी मोड आणि 'रूट अकाउंट इज लॉक्ड', म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन खातं बंद. एंटर दाबला की फिरून तेच. बायोसमध्ये दोन्ही डिस्क दिसतात. संध्याकाळी पार्टी अल्बम बघायला येणार आहे हो!

रात्रपाळी:
एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून बघा.

जुना_पेंग्विन:
चालवणार कशावर? ज्या डिस्कची वाट बघतंय ती आता अस्तित्वातच नाही. फॉरमॅट केलं की यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, बदलतो; एफस्टॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, मात्र जुनाच राहतो. सिस्टमडी (मशीन सुरू होताना सगळं चालू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद थांबतं आणि हात टेकतं. त्याच्या लेखी एफस्टॅबमधली प्रत्येक डिस्क लागलीच पाहिजे, मग त्यात सिस्टीम असो की वरात.

इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला असणार तुम्ही. तेव्हा डेबियन रूट बंद ठेवतं, अ‍ॅडमिनची सगळी कामं आपल्याच पासवर्डने, सुडो या कमांडमधून. म्हणून आत शिरता येत नाहीये.

लाइव्ह पेनड्राइव्ह लावा. 'एलएसबीएलके -एफ' दिलं की यूयूआयडी दिसतील. एसएसडीचं रूट पार्टिशन (सिस्टीम असलेला भाग) /एमएनटी या फोल्डरवर माउंट करा, म्हणजे जोडा, आणि /एमएनटी/ईटीसी/एफस्टॅब उघडा. नुसतं /ईटीसी/एफस्टॅब उघडलंत तर ते पेनड्राइव्हचं. मी एकदा अर्धा तास तेच दुरुस्त करत बसलो होतो. घाई असेल तर /डेटाच्या ओळीआधी # टाका, म्हणजे ती ओळ वगळली जाईल; नवा यूयूआयडी नंतर निवांत लिहा.

फोटोवाला_संगमनेर:
# टाकून चालू झालं! पार्टी खूश. रात्री नवा यूयूआयडी टाकतो.

जुना_पेंग्विन:
टाकाल तेव्हा 'डिफॉल्ट्स' पुढे स्वल्पविराम देऊन 'नोफेल' जोडा, म्हणजे पुढच्या वेळी डिस्क नसली तरी मशीन सुरू होईल. रीबूटआधी 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' देऊन ओळ तपासा.

पण नोफेलची एक खोड आहे. डिस्क लागली नाही तरी /डेटा हे रिकामं फोल्डर असतंच, आणि त्यात टाकलेलं सगळं गुपचूप एसएसडीवर जातं. डिस्क लागली की ते खाली झाकलं जातं. म्हणून डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचअ‍ॅटर +आय' मारून ते कुलूपबंद करून ठेवा, कुणाला लिहिताच येणार नाही.

फोटोवाला_संगमनेर:
दादा, बरं सांगितलंत. ते फोल्डर मीच कधीतरी ७७७ करून ठेवलेलं. दुपारी # असताना पोऱ्याने त्यातच कालच्या बारशाचे १४ जीबी फोटो ओतले, आणि रात्री डिस्क लागल्यावर ते गायब! कार्ड तर त्याने पुसून टाकलेलं. तुमचं वाचून अनमाउंट केलं, तर अख्खं बारसं खाली सुखरूप.

रात्रपाळी:
पोऱ्याला कार्ड पुसायला बंदी करा आधी.