छातीचा खळगा: व्यायाम आणि व्हॅक्यूम बेल

छातीचं मधलं हाड आत गेल्याने पडलेला खळगा पोहण्याने आणि जोर काढून भरून येतो, असं बरेच जण सांगतात. हे अर्धंच खरं आहे. व्यायामाने पोक जातो, स्नायू भरतात, खळगा झाकला जातो. पण आत गेलेलं छातीचं हाड जागचं हलत नाही. ऑपरेशन टाळायचं असेल तर व्हॅक्यूम बेल हे उपकरण आहे. एकार्ट क्लोबे या जर्मन इंजिनिअरने ती बनवली, त्यांना स्वतःलाच हा त्रास होता. सिलिकॉनची वाटी छातीवर दाबून हातपंपाने हवा काढायची, की हाड वर ओढलं जातं.

माझ्या मुलाने दहाव्या वर्षी सुरुवात केली, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास. वाटी काढली की छातीवर लालभडक गोल वळ, पोरगं रडवेलं व्हायचं. मग हळूहळू वेळ वाढवला. पूर्वी खळग्यात माझा अंगठा बुडायचा, दीड वर्षाने जेमतेम नख बुडतं. वय लहान, छाती लवचीक आणि खळगा उथळ असेल तर गुण चांगला येतो, पण वर्षभर तरी नेमाने लावायला हवी. आणि कृपा करून परस्पर मागवून लावू नका. मार्फान सिंड्रोम (शरीराला आधार देणाऱ्या ऊतींचा आनुवंशिक आजार), ठिसूळ हाडं किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल तर ती चालत नाही. आमच्या डॉक्टरांनी आधी टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला होता.